कामगाराच्या श्वासाचे मोजमाप

केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चारही श्रमसंहिता अमलात आणल्या आणि तेव्हापासून कामगार संघटनांच्या सभांतून, उद्योजकांच्या परिषदांतून व वर्तमानपत्रांच्या स्तंभांतून त्यांची पुष्कळ चर्चा झाली. वेतनाची नवी व्याख्या, ठरावीक मुदतीची नेमणूक, कामगारकपातीची परवानगी, संपाची आगाऊ सूचना या विषयांवर दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोलले गेले, आणि ते योग्यच झाले. परंतु व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती यांविषयीच्या संहितेतील कलम ८८ संबंधी कोणी अवाक्षर काढल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही. कलम अवघ्या एका वाक्याचे आहे. कारखान्यातील उत्पादनप्रक्रियेत रासायनिक व विषारी द्रव्यांचा संपर्क जास्तीत जास्त किती होऊ द्यावा, याची मर्यादा राज्य सरकार नियमाने ठरवील, एवढेच ते म्हणते.

यापूर्वीची व्यवस्था निराळी होती. भोपाळच्या संहारानंतर १९८७ साली संसदेने १९४८ च्या कारखाना कायद्यात एक नवे प्रकरणच घातले आणि कलम ४१-एफ अन्वये शंभराहून अधिक द्रव्यांची एक सूची कायद्यालाच जोडली. अमोनिया, क्लोरीन, बेंझीन, शिसे, पारा अशा द्रव्यांचे कामाच्या जागेवरील हवेतील कमाल प्रमाण तीत आकड्यांनी दिलेले होते. मिथिल आयसोसायनेटच्या पुढचा आकडा हवेच्या दहा लाख भागांत ०.०२ असा होता. म्हणजे पाच कोटी भागांत एक भाग. ती सूची अपुरी होती, पुढे ती जुनीही झाली. तथापि ती संसदेच्या कायद्याचा भाग होती आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच होती. आता ती लेखणी राज्यांच्या हाती आली आहे. वेर्णा, कुंडई, पिळर्ण, डिचोली येथील औद्योगिक वसाहतींत कामगाराने कोणती हवा छातीत घ्यावी, हे यापुढे पणजीत ठरावयाचे आहे. म्हणूनच या रुक्ष विषयावर आज अंमळ विस्ताराने लिहिण्याची परवानगी आम्ही वाचकांकडे मागतो.

ही मर्यादा म्हणजे काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. आपल्या किनाऱ्याच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. मासळी गोठविण्याचे कारखाने आणि जेटीजवळचे बर्फाचे कारखाने जुन्या पद्धतीने अमोनियावर चालतात. दिवसातून आठ तास काम करणाऱ्या माणसाच्या हवेत अमोनियाचे सरासरी प्रमाण दहा लाख भागांत २५ भागांहून अधिक असू नये आणि थोड्या वेळापुरतेदेखील ते ३५ च्या वर जाऊ नये, असे १९८७ च्या सूचीने सांगितले होते. यातील ‘आठ तास’ आणि ‘सरासरी’ हे दोन्ही शब्द महत्त्वाचे आहेत. उरलेले सोळा तास शरीर स्वच्छ हवेत राहील, आत शिरलेले विष त्या अवधीत बाहेर पडेल, हे गृहीत धरून हे आकडे बांधलेले असतात. बारा तासांची पाळी आली की विष आत जाण्याचा काळ चार तासांनी वाढतो आणि बाहेर पडण्याचा काळ तेवढाच घटतो. आकडा तोच राहतो, त्याच्या मागचा हिशेब मात्र कोसळतो. बारा-बारा तास राबणारे मजूर आपल्याकडे किती आहेत, हे कोणत्याही औद्योगिक वसाहतीच्या फाटकाशी सकाळी सात वाजता उभे राहिल्यास कळते.

अमोनियाचे नाव काढल्यावर ऑक्टोबर २०१८ ची ती रात्र पुष्कळांना आठवेल. चिखलीजवळ अमोनियाचा टँकर उलटला आणि झोपेतून उठवून लोकांना घराबाहेर काढावे लागले. दुसऱ्या दिवशी सर्वत्र तोच विषय होता, आणि असणारच. परंतु त्या रात्री चिखलीकरांनी जो वायू काही तास अनुभवला, त्याच वायूच्या सान्निध्यात बर्फाच्या कारखान्यातला कॉम्प्रेसर चालविणारा माणूस वर्षानुवर्षे उभा असतो. त्याला विचारा. तो सांगेल, ‘पहिल्या आठवड्यात डोळ्यांतून पाणी यायचे, आता काही वाटत नाही.’ यात त्याचे शौर्य नाही. नाक या वायूला सरावते आणि त्याची सूचना देणे सोडून देते. हायड्रोजन सल्फाइडची गोष्ट तर याहून भयंकर. सडक्या अंड्याचा तो वास सर्वांना ठाऊक आहे. परंतु वायूचे प्रमाण प्राणघातक होऊ लागले की घ्राणशक्तीच बधिर होते आणि वास नाहीसा झाला म्हणजे धोका टळला, अशा समजुतीत माणूस गटारात किंवा टाकीत उतरतो. तात्पर्य, नाकावर विसंबता येत नाही, मोजावे लागते.

मोजतात कसे? कामगाराच्या कमरेला हाताच्या पंजाएवढा एक पंप बांधतात. त्याची नळी वर नेऊन सदऱ्याच्या गळपट्टीला, नाकापासून वीतभर अंतरावर अडकवितात. दिवसभर तो पंप माणसाबरोबर फिरतो. माणूस ज्या हवेत वाकतो, चढतो, घासतो, पुसतो, त्याच हवेचा नमुना कोळशाच्या बारीक नळीत किंवा गाळणीच्या चकतीवर गोळा होतो आणि प्रयोगशाळेत त्याचे पृथक्करण होते. यात अवघड असे काही नाही. अवघड आहे ती इच्छा. कारण शेडच्या मधोमध, पंख्याखाली, तिपाईवर यंत्र ठेवूनही ‘कार्यस्थळावरील हवेचे मापन’ करता येते, आणि त्या कागदावरचा आकडा नेहमी समाधानकारक येतो.

मागे एकदा नदीकाठच्या एका शेडमध्ये फायबरच्या होड्या बांधण्याचे काम पाहण्याचा योग आला होता. साच्यावर काचतंतूंचे कापड अंथरायचे आणि त्यावर रेझिन फासायचे, पुन्हा कापड, पुन्हा रेझिन, असे ते काम. रेझिनमधील स्टायरीनचा गोडसर, डोक्यात चढणारा वास रस्त्यापर्यंत येत होता. होडीच्या पोटात, जिथे वाफ साचून राहते, तिथे एक विशी-बाविशीचा मुलगा गुडघ्यांवर बसून ब्रशने रेझिन फासत होता. नाकाला हातरुमाल बांधलेला. मालक भला माणूस होता. त्याने आम्हाला मोठ्या अभिमानाने सांगितले की, मुलांना मी रोज गूळ देतो, त्याने सगळे साफ होते. गुळाचा हा खडा आम्ही सिमेंटच्या गोदामात पाहिला आहे, कोळशाच्या वखारीत पाहिला आहे. कुठे गूळ, कुठे केळे, कुठे पेलाभर दूध. देणाऱ्याची भावना वाईट नसते. परंतु गूळ पोटात जातो आणि स्टायरीन फुप्फुसात, तिथून रक्तात. हातरुमाल वाफ अडवीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली स्टायरीनला बहुधा कर्करोगकारक असलेल्या द्रव्यांच्या वर्गात घातले, ही वार्ता त्या होडीच्या पोटापर्यंत पोचण्याचा कोणताही मार्ग आपण तयार केलेला नाही.

आता मर्यादेचा आकडा जन्माला कसा येतो, ते पाहू. पुष्कळांची अशी समजूत असते की हे आकडे शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत ठरवितात आणि सरकार ते मुकाट्याने छापते. वस्तुस्थिती तशी नाही. व्हिनिल क्लोराइडची हकीकत या बाबतीत अत्यंत बोलकी आहे.

पीव्हीसीचे नळ, चपला, विजेच्या तारांवरचे आवरण हे सारे ज्या प्लास्टिकचे बनते, ते व्हिनिल क्लोराइड या वायूपासून तयार होते. प्रचंड बंद पिंपांत ही प्रक्रिया घडते आणि पिंपाच्या आतल्या भिंतींना प्लास्टिकची साय धरते. ती खरवडून काढण्यासाठी पूर्वी माणसे पिंपात उतरत. अमेरिकेत त्या काळी या वायूची मर्यादा दहा लाखांत ५०० भाग अशी होती. हा वायू निरुपद्रवी समजला जाई. १९६० नंतरच्या दशकात या खरवडणाऱ्या कामगारांच्या बोटांच्या टोकांची हाडे विरघळू लागल्याचे डॉक्टरांच्या लक्षात आले. तरी ५०० चा आकडा ढळला नाही. इटलीत बोलोन्या येथे चेझारे माल्तोनी या संशोधकाने उंदरांवर प्रयोग केले आणि ५०० च्या निम्म्या प्रमाणातही त्यांना कर्करोग होतो, असे त्याला आढळले. त्याच्या संशोधनाला पैसा युरोपातील उत्पादकांनीच पुरविलेला होता. अमेरिकी कंपन्यांना ही बातमी १९७३ च्या आरंभी कळली, परंतु गुप्ततेच्या कराराखाली ती सरकारपासून व कामगारांपासून दडवून ठेवण्यात आली.

पुढे केंटकी राज्यातील लुइव्हिल येथल्या बी. एफ. गुडरिच कंपनीच्या कारखान्यात एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. तिथल्या कामगारांपैकी तिघे यकृताच्या अँजिओसार्कोमा नावाच्या कर्करोगाने गेले होते. हा कर्करोग इतका दुर्मीळ की साऱ्या अमेरिकेत त्याचे वर्षाला पंचवीस-तीस रुग्ण सापडावेत. कारखान्याचे डॉक्टर जॉन क्रीच यांनी ही तीन नावे शेजारी-शेजारी ठेवली आणि त्यांना एकच पिंप दिसले. जानेवारी १९७४ मध्ये कंपनीने ते जाहीर केले. एप्रिलमध्ये मर्यादा तातडीने ५० वर आली आणि ऑक्टोबरमध्ये सरकारने ती १ वर आणण्याचा अंतिम नियम काढला. पाचशेवरून एक, अवघ्या दहा महिन्यांत!

उद्योगधंद्यांनी हलकल्लोळ केला. हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे, कारखाने बंद पडतील, लाखो लोक बेकार होतील, अब्जावधी डॉलर बुडतील, असे अहवाल सादर झाले. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९७५ च्या जानेवारीत न्यायालयाने सरकारचा नियम उचलून धरला. त्यानंतर काय झाले? कारखाने बंद पडले नाहीत. दीड-दोन वर्षांत बहुतेकांनी ती मर्यादा गाठली. पिंप बंद ठेवूनच आतून धुण्याच्या रीती निघाल्या, गळती थांबली, वाया जाणारा वायू पुन्हा वापरात आला. आणि ज्या गुडरिचच्या कारखान्यात हे मृत्यू घडले, त्याच कंपनीने आपले नवे तंत्र इतर उत्पादकांना परवान्याने विकले. ‘अशक्य’ हा शब्द पुन्हा कानावर पडेल तेव्हा आमच्या राज्यकर्त्यांनी हे उदाहरण समोर ठेवावे.

परंतु आम्ही ही हकीकत सांगितली ती उद्योजकांचे तोंड बंद करण्यासाठी नव्हे. तिच्यातील दुसरी गोष्ट आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. ते तिघे कामगार एकाच कारखान्याच्या पटावर पुष्कळ वर्षे होते. त्यांची नावे, त्यांचे काम, त्यांचे आजार यांच्या नोंदी होत्या. त्या नोंदींकडे पाहणारा एक डॉक्टर होता. हे तीन योग जुळून आले म्हणून पाचशेचा आकडा कोसळला. यांतला एक जरी निसटला असता, तरी ती माणसे दारूने यकृत बिघडून गेली, असेच त्यांच्या आप्तांना वाटत राहिले असते.

आमच्या औद्योगिक वसाहतींत हे तीन योग जुळण्याची शक्यता कितपत आहे? पिंपात उतरण्याचे, टाकी धुण्याचे, भुकटीची पोती फोडण्याचे काम आज कायम कामगाराकडे क्वचितच असते. ते ठेकेदाराच्या माणसाकडे असते. तो ओडिशाचा, झारखंडचा किंवा उत्तर कर्नाटकाचा असतो. सहा महिने या कारखान्यात, पुढचे वर्ष त्या कारखान्यात, आणि मग गावी. रासायनिक विषांचे दीर्घकालीन परिणाम दहा, वीस, कधी तीस वर्षांनी प्रकट होतात. तोवर तो माणूस ज्या गावात असेल तिथल्या डॉक्टरला वेर्णा हे नावही माहीत नसेल. गोव्यातल्या हवेने दिलेला आजार गोव्याच्या कोणत्याही दप्तरात कधी उमटणारच नाही. आणि मग ‘आमच्याकडे व्यवसायजन्य रोगांचे प्रमाण नगण्य आहे’ असे छातीठोकपणे सांगता येईल. ते असत्य असेल असेही नाही. नोंदच नाही, तर सत्य काय आणि असत्य काय?

बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली व्यवसायजन्य रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला विचारावयाच्या प्रश्नांत एका प्रश्नाची भर घाला, असे त्यात सांगितले : तुमचा धंदा कोणता? गोव्यात १८४२ साली वैद्यकीय शाळा निघाली. आशियातील अशा सर्वांत जुन्या शाळांत तिची गणना होते. एवढी परंपरा असलेल्या या भूमीत खोकल्याने बेजार झालेला कामगार दवाखान्यात गेल्यावर त्याला विड्या ओढतोस का, हे विचारले जाते. दिवसभर काय हुंगतोस, हे विचारणारे डॉक्टर आम्हाला थोडेच भेटले.

गोमंतकीय माणूस प्रदूषणाच्या बाबतीत झोपलेला आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. सत्तरच्या दशकात सांकवाळच्या खतकारखान्याच्या सांडपाण्याने मासळी मेली तेव्हा किनाऱ्यावरचा समाज उठला. केरी येथील नायलॉन ६,६ च्या प्रकल्पाविरुद्ध फोंडा तालुक्यातील गावे रस्त्यावर आली. १९९५ च्या जानेवारीत पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण बळी गेला आणि अखेरीस तो कारखाना गोव्याबाहेर गेला. या लढ्यांचा आम्हाला आदरच आहे. तरीही एक शंका मनात डोकावते. कारखान्याच्या भिंतीबाहेरील हवेसाठी, पाण्यासाठी, मासळीसाठी, माडांसाठी आपण लढलो. भिंतीच्या आतील हवेसाठी गोव्यात एखादा मोर्चा निघाल्याचे कोणाच्या स्मरणात आहे काय? आत राबणारा ‘आपला’ नाही, ‘भायला’ आहे, हे तर त्याचे कारण नव्हे? असल्यास ते लज्जास्पद आहे, आणि शिवाय आत्मघातकीही. भोपाळच्या कारखान्यात १९८१ च्या डिसेंबरात फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता. ती भिंतीच्या आतली बातमी होती, म्हणून शहराने ती वाचून बाजूला ठेवली. तीन वर्षांनी, २ डिसेंबर १९८४ च्या रात्री, त्याच भिंतीवरून मृत्यू शहरात उतरला.

आपल्या भाषाबांधवांच्या परिचयाच्या गावांतही असे दाखले आहेत. आमच्या पिढीने पाटीवर अक्षरे गिरविली ती दगडी पेन्सिलीने. त्या पेन्सिली इंदूरच्या पलीकडील मंदसौर भागात बनत. दगडाच्या पट्ट्या करवतीने कापताना उडणारी धूळ कामगारांच्या छातीत बसे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेने तिथल्या कामगारांची तपासणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांत सिलिकोसिस आढळला. पस्तिशीच्या आसपासच माणसे मरत होती. वडोदऱ्यातील क्रोमेट कामगारांच्या नाकांचे पडदे आरपार भोके पडून गेले होते. या जागी तपासणी झाली म्हणून हे आपल्याला कळले. जिथे झाली नाही, तिथली माणसे नुसतीच ‘दम्याने’ गेली.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात निकाल देताना कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे सांगितले. एवढेच नव्हे, तर ॲस्बेस्टॉसच्या प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामावर लागल्यापासून ४० वर्षे किंवा काम सोडल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपून ठेवावी, असा आदेश दिला. न्यायमूर्तींनी नेमके मर्म ओळखले होते. चाळीस वर्षे हा आकडा त्यांनी हवेतून काढला नाही. हे रोग तितके सावकाश येतात.

आता राज्य सरकारच्या लेखणीकडे वळू. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे १९८७ ची सूची जशीच्या तशी राज्याच्या नियमांत उतरवून मोकळे होणे. सरकारी कचेऱ्यांचा स्वभाव पाहता तसेच घडेल, अशी आम्हाला भीती वाटते. ती सूची बहुतांशी त्याहूनही जुन्या अमेरिकी कोष्टकांवर बेतलेली होती. सिलिकाच्या धुळीसाठी तीत जे सूत्र होते, ते खुद्द अमेरिकेने २०१६ साली टाकून दिले आणि दर घनमीटर हवेत ०.०५ मिलिग्रॅम ही सरळ मर्यादा घातली. जुन्या सूत्राने शुद्ध सिलिकाची मर्यादा सुमारे याच्या दुप्पट येई. औषधनिर्मिती हा तर आज गोव्याचा प्रमुख उद्योग आहे. पण संप्रेरकांच्या औषधांचा त्या सूचीत उल्लेखही नाही. प्यूर्तो रिको बेटावरील गर्भनिरोधक गोळ्यांच्या एका कारखान्यात सत्तरच्या दशकात पुरुष कामगारांची छाती स्त्रियांसारखी वाढू लागली आणि स्त्री कामगारांना अवेळी रक्तस्राव होऊ लागला. गोळ्यांची भुकटी श्वासातून आत जात होती. अशा द्रव्यांसाठी मोठ्या कंपन्या स्वतःच्या अंतर्गत मर्यादा पाळतात, हे मान्य. मग त्या मर्यादा कामगाराला दाखविण्यात आणि सरकारला कळविण्यात संकोच कसला?

तरीदेखील, आकडे कितीही कडक केले तरी मोजणाऱ्यावाचून ते व्यर्थ आहेत. नव्या संहितेने कारखान्याची व्याख्याच आकसली आहे. वीज वापरणाऱ्या ठिकाणी पूर्वी दहा कामगार पुरत, आता वीस लागतात. विजेवाचून चालणाऱ्या ठिकाणी विसांचे चाळीस झाले. आम्ही पाहिलेली ती होड्यांची शेड, मोटारींना रंग फवारणारी गॅरेजे, मुलामा देण्याच्या चार माणसांच्या खोल्या यांच्याकडे कोणी पाहावयाचे? राज्य सरकारला वाटल्यास अशा जागांनाही ही तरतूद लावता येते. तसा अधिकार संहितेने दिला आहे. निरीक्षकाला आता ‘निरीक्षक-नि-सुविधाकार’ असे जोडनाव मिळाले आहे. मार्गदर्शन करणारा अधिकारी आम्हालाही हवाच आहे. या जोडनावातील दुसऱ्या शब्दाने पहिल्याला गिळू नये, एवढेच.

नियम करताना शासनाने तीन गोष्टींचा आग्रह धरावा, असे आम्ही सुचवितो. हवेचे मापन कामगाराच्या अंगावर, त्याच्या श्वासाच्या पातळीवर आणि सर्वांत घाण काम चालू असताना झाले पाहिजे; टाकी धुण्याच्या दिवशी ते वगळून शांत दिवशी करता येणार नाही, असे शब्द नियमात स्पष्ट हवेत. बारा तासांच्या पाळीला आठ तासांचा आकडा लावू नये. पाळी लांबली की मर्यादा त्या मानाने खाली आली पाहिजे. तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. प्रत्येक कामगाराला, मग तो ठेकेदाराचा असो की कंपनीचा, एक आरोग्यपत्रिका मिळावी. कोणत्या कारखान्यात, कोणत्या द्रव्यापाशी, किती महिने काम केले, हवेत प्रमाण किती निघाले, छातीची व रक्ताची तपासणी काय म्हणते, हे तीत त्याला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेले असावे. मराठीत, कोकणीत, हिंदीत, लागल्यास ओडिया व कन्नडमध्ये. ती पत्रिका त्याच्या खिशात राहावी आणि तिची प्रत सरकारदरबारी. तो बालासोरला गेला तर पत्रिका बालासोरला जाईल.

खर्चाचा प्रश्न निघेल, तो आम्ही टाळू इच्छित नाही. मोठ्या कारखान्यांना हा खर्च किरकोळ आहे. काहींनी तो मुकाट्याने कधीच सुरू केला आहे, आणि त्यांचे नाव अशा वेळी कोणी घेत नाही, हाही एक अन्यायच. अडचण आहे ती होड्यांच्या शेडवाल्याची. त्याला पंप परवडणार नाही आणि पृथक्करणाची फी तर नाहीच. ती जबाबदारी शासनाने उचलावी. गोवा हे लहान राज्य आहे. पेडण्यापासून काणकोणपर्यंत एका गाडीत पाच पंप आणि एक प्रशिक्षित तंत्रज्ञ घालून वर्षभरात प्रत्येक लहान कारखान्याच्या दारात एकदा जाता येईल. महाराष्ट्राला किंवा गुजरातला जे आकारमानामुळे जड जाईल, ते आपल्याला सहज साधण्याजोगे आहे. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा होड्यांच्या शेडमध्ये काम वाढलेले असते आणि पावसाच्या झडीमुळे दारे-खिडक्या बंद असतात. त्या गाडीची पहिली फेरी त्याच दिवसांत निघावी.